गाडीचं तेल बदललं

कारधा
मंगळवार, १३ जानेवारी

प्रिय रंजू,

रोज संध्याकाळी तुझा फोन येतो, कालही आला, आणि तरी हे पाकीट हातात पडल्यावर तू आधी घाबरशील. म्हणून पहिल्यांदा हेच सांगतो की इथे सगळं ठीक आहे. तुझ्या सासूचा गुडघा थंडीनं सकाळी कुरकुरतो, पण आज दुपारी ती अंगणात तीळ भाजत बसली होती आणि मी त्यातली मूठभर उचलली तर माझ्या हातावर झारा मारण्याइतकी तिची तब्येत चांगली आहे. माझ्या गोळ्या तू लावून दिल्या त्याच वेळेला घेतो. पत्र लिहितो आहे ते गाडीबद्दल. आपल्या गाडीचं तेल बदललं हे मी तुला फोनवर सांगितलं होतं. तू म्हणालीस, 'बरं झालं मामाजी', आणि खुशीच्या परीक्षेचं सांगायला लागलीस. पण गोष्ट तेवढीच नव्हती. ती नीट सांगायची तर बसून लिहावीच लागेल. लिहायला घेतलं की माझा हात शाळेतल्या मराठीत जातो, बोलतो तसं लिहिता येत नाही. तेवढं सांभाळून घे.

देवानंदनं गाडी आणली तेव्हा तू बाळंतपणाला माहेरी, करडीला होतीस, त्यामुळे तिचा पहिला दिवस तू पाहिलेला नाहीस. भंडाऱ्याच्या एका डॉक्टरची जुनी गाडी, पांढरी, पेट्रोलवरची. पुलावरून ती इतकी हळू आणली त्यानं, की मागून येणारे ट्रकवाले शिव्या देत होते. दारात आल्यावर तुझी सासू कुंकवाचा करंडा शोधत राहिली आणि मी तोवर बोनट उघडून मापाची पट्टी बाहेर काढली, तेल बोटावर चोळून पाहिलं, नाकाला लावलं. जन्मभर पाटबंधारे खात्याची जीप चालवलेला माणूस मी, मला दुसरं काय सुचणार. देवानंद हसत म्हणाला, "बाबा, गाडीची आरती व्हायची आहे अन् तुमी तिची नाडी पाहून राहिले." मी म्हणालो, इंजिन चांगलं आहे. त्याला तेवढंच ऐकायचं होतं. पुढे तू खुशीला घेऊन त्याच गाडीतून घरी आलीस. त्याआधी त्यानं मागच्या काचेवर 'खुशी' असं नाव रंगवून घेतलं होतं आणि खाली एक मासा. पेंटरनं रोहू काढला तो इतका गोल झाला की देवानंद त्याच्याशी भांडला, "रोहू सांगतला होता भाऊ, तू भोपळा काढला." पुसला मात्र नाही. मग त्यानं डिकीत माशांचे क्रेट टाकून तुमसरच्या बाजाराला न्यायला सुरुवात केली आणि तू सीटखाली अगरबत्तीचे पुडे ठेवू लागलीस. खुशी अजून म्हणते, गाडीत पप्पांचा वास येतो. तो झिंग्यांचा वास आहे हे तिला कोण सांगणार. आणि खरं म्हणजे तिचंही चूक नाही.

कोरोनाच्या त्या दुसऱ्या उन्हाळ्याचा विषय मी आजवर तुझ्याजवळ कधी काढला नाही. तू तेव्हा नर्सच्या ड्यूटीवर आरोग्य केंद्रातच राहत होतीस, घरी आजार नको म्हणून. इकडे गावातल्या माणसांना कोणी गाडीत घ्यायला तयार नव्हतं. देवानंदनं क्रेट उतरवून ठेवले आणि चारही काचा खाली करून लोकांना भंडाऱ्याला पोचवायला लागला. मी त्याला अडवलं होतं. तो म्हणाला, "रंजू तिकडं करून राहिली, अन् मी इकडं खाटेवर बसून राहू काय?" मग एक दिवस तोच मागच्या सीटवर आडवा झाला आणि गाडी मी चालवली. शेवटी तू त्या पांढऱ्या किटमध्ये त्याच्याजवळ होतीस. आम्हाला दोघांना दाराच्या आतही घेतलं नाही, पण तू होतीस. तुझी सासू, यशोदा, अजून म्हणते, त्याच्या कपाळावर आपल्या माणसाचा हात होता. त्या एका गोष्टीवर आम्ही दिवस काढले.

त्यानंतर गाडी कडुलिंबाखाली ताडपत्री टाकून उभी राहिली. चार-आठ दिवसांनी मी ताडपत्री काढायचो, चावी फिरवायचो, थोडा वेळ इंजिनाचा आवाज ऐकायचो आणि बंद करायचो. पट्टीवर तेल उतरलेलं दिसलं तर वरून थोडं टाकायचो, पण जुनं सगळं काढून नवीन कधी भरलं नाही. उभ्या गाडीतलंही तेल खराब होतं, हे मला कळत नाही असं नाही. नवीन पोरांना खात्यात मीच शिकवत होतो. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याला खर्च नको. तसं नव्हतं, बाई. त्या वर्षी होळीच्या आधी देवानंदनं स्वतःच्या हातानं तेल भरलं होतं, मी बाजूला तेल ओतायची चाडी धरून उभा होतो. ते तेल काढायचं माझ्या जिवावर येत होतं. हे मी यशोदालाही सांगितलं नव्हतं.

आता का बदललं ते सांगतो. मार्गशीर्षात आम्ही तुमसरला, तुझ्या नोकरीच्या गावी, तुझ्या खोलीवर मुक्कामाला आलो होतो ना, त्या सकाळी तू खुशीला स्कूटीवर मागे बसवून निघालीस. आधी तिची शाळा, मग पुढे तुझं उपकेंद्र. धुकं इतकं, की गल्लीच्या टोकाला तुम्ही दिसेनाशा झाल्या. खुशीचा खोकला मात्र ऐकू येत होता. आम्ही एस.टी.नं परत आलो. घरी आल्यावर यशोदा गाडीकडे बोट दाखवून म्हणाली, "हे इथं उभी राहून अंडे देऊन राहिली काय? पोरीले काहून नाही देत?" तुला गाडी येते, लायसन आहे, देवानंदनंच नदीच्या रस्त्यावर शिकवलेलं. माझ्याच डोक्यात कसं आलं नाही? दुसऱ्या दिवशी थंडीत चावी फिरवली तर इंजिनाच्या वरच्या अंगाला टकटक, टकटक. गरम होईपर्यंत थांबेना. रात्रभरात तेल खाली उतरतं आणि जाडं तेल थंडीत वर चढायला वेळ घेतं, त्याचा तो आवाज. हल्लीची ड्रायव्हर पोरं म्हणतात की सिंथेटिक तेल टाका, ते थंडीत लवकर वर पोचतं आणि आपल्याकडच्या मे महिन्यातही टिकतं. माझं मत तुला माहीत आहे. जुन्या इंजिनाला जाडं तेल. झिजलेल्या इंजिनात पातळ तेल टाकलं तर ते जळतं, गळतं, असं मी आयुष्यभर सांगत आलो. पण गाडी आता तुझ्या हातात जाणार होती. कोणाला तरी विचारायला हवं होतं. भंडाऱ्यात पायलीला पन्नास मिस्त्री पडले असताना मी गाडी घेऊन पूल ओलांडून, वरठी-मोहाडी करत थेट तुमसरला गेलो, आय.टी.आय.च्या फाटकाशी. तिथे मोटर मेकॅनिक शिकवणारे सुगत सर आहेत, त्यांना विचारायला.

आता तू वाचता वाचता थांबली असशील. थांबू नको. हो, तेच सुगत सर, ज्यांच्या आईला, धुरपताबाईंना, तू दर महिन्याला बी.पी. तपासायला बोलावतेस आणि ज्यांनी खुशीच्या सायकलची चेन बसवून दिली होती. त्यांचं नाव मला कसं कळलं ते शेवटी सांगतो. आधी झालं ते ऐक. आणि राग येणार असेल तर तोही शेवटालाच येऊ दे.

मी माझं नाव सांगितलं नाही. कारध्यावरून आलो एवढंच म्हणालो. दुपारची सुट्टी होती. सर बाहेर आले, उंच, जरा वाकून चालणारे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. हा पहिला दोष मी मनात नोंदवला. दोष काढायच्या तयारीनंच गेलो होतो मी. विचारलं, "गाडी जुनी आहे जी, सिंथेटिक टाकू काय?" ते म्हणाले, "पाह्यल्याशिवाय काय सांगू काका?" मग गाडीभोवती एक चक्कर मारली. मागच्या काचेपाशी जरा थांबले. मला वाटलं, मासा पाहून हसतील, पण हसले नाहीत. शर्टाच्या बाह्या वर करून तिथेच मातीत गुडघे टेकले आणि इंजिनाच्या पोटाखाली हात फिरवून बोटं पाहिली. विचारलं, "गाडी चालते किती?" मी म्हणालो, उभीच असते. "मंग आताच कायले बदलवता?" मी म्हणालो, सून चालवणार आहे. ते पट्टी पुसत होते, ती पुसतच राहिले. मग म्हणाले, "गळत नाही, धूर मारत नाही. टाकाले हरकत नाही. पण एक आधीच सांगतो. जुन्या तेलाचा गाळ सीलवर, गॅस्केटवर बसला असते, अन् नवीन तेल तो धुवून काढते. त्याच्याखाली एखादी जागा झिजली असन तर थेंब पडन. ते तेलानं झालं असं नका समजू, जागा आधीचीच झिजली राहते."

मी म्हणालो, एवढी वर्षं जीप जाड्या तेलावर चालवली, कधी बिघडली नाही. मला वाटलं आता हा पुस्तकातलं काहीतरी फेकेल माझ्या तोंडावर. ते म्हणाले, "तवाच्या जीपले तेच बरोबर होतं काका. तुमी बरोबरच केलं." मग मी उगाच चिडलो. भांडायला गेलेल्या माणसाला समोरच्यानं हो म्हटलं की त्याचे हाल होतात.

आय.टी.आय.त बाहेरची गाडी घेता येत नाही, म्हणून रविवारी त्यांनी घरी बोलावलं. माझ्या हातानं करायचं म्हटलं तर हो म्हणाले, फक्त खाली वाकायला मदत करीन म्हणाले. मी तेल आणि फिल्टर घेऊन गेलो. त्यांचं घर तुला माहीत आहे, मागे बोरीचं झाड आहे ते. धुरपताबाईंनी दारातच पाणी दिलं. बैठकीत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली आनंदरावांचा, सरांच्या वडिलांचा. वडील कित्येक वर्षं अंथरुणाला होते, त्यांचं सगळं या एकुलत्या मुलानं केलं आणि त्यातच लग्नाचं वय मागे पडलं, हे बाईंनी मी न विचारताच सांगितलं. आईच त्या. बोलताना मी कोण, कुठला, हे त्यांनी विचारलं नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

गाडी फिरवून इंजिन गरम करून घेतलं, खाली घमेलं ठेवलं, मी गाडीखाली सरकलो आणि पाना नटला लावला. आणि रंजू, माझ्यानं तो फिरवेना. नट घट्ट नव्हता. हातच चालेना. डोळ्यांसमोर तो चाडीत तेल ओतताना दिसायला लागला, जीभ बाहेर काढून ओतायचा, लहानपणी पाटीवर लिहायचा तसा. मी तिथेच पडून राहिलो. सर बाजूला उकिडवे बसले होते. माझा चेहरा त्यांना दिसत होता. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, 'सरका काका, मी करतो.' ते उठले आणि म्हणाले, "घाई नाही काका. आधी चाय घेऊ." आम्ही बोरीखाली बसून चहा घेतला. ते त्यांच्या वर्गातल्या पोरांच्या गमती सांगत होते, मी ऐकत नव्हतो, त्यांनाही ते माहीत होतं. कप रिकामा झाला तरी सांगत राहिले. मग मीच उठलो, गाडीखाली गेलो आणि नट सोडला. काळं पाणी झालेलं तेल एकदम खाली आलं, मग धार बारीक झाली, मग थेंब. सरांनी विचारलं, "थोडं बाटलीत ठेवता काय?" मी त्यांच्याकडे पाहिलं. मी त्यांना देवानंदचं काही सांगितलेलं नव्हतं. मी म्हणालो, नाही, ठेवून काय करू. आणि खरंच सांगतो, ते वाहून गेल्यावर मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. मोकळं वाटलं. नवीन तेल मधासारखं होतं. भरून चावी फिरवली, सुरुवातीला क्षणभर वाजलं आणि मग इंजिन असं शांत चाललं की मी दोनदा हात लावून पाहिला. मी सरांना म्हणालो, बघू, किती दिवस चालते.

तिसऱ्या दिवशी अंगणात गाडीखाली थेंब! अगदी रुपयाएवढा काळा डाग. तुला खरं सांगू, मला आनंद झाला. यशोदाला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, "गाडी गळून राहिली अन् तुमी हासून राहिले, डोकसं फिरलं काय?" मी फोन लावला, जरा तोऱ्यातच. सरांनी एवढंच विचारलं की थेंब कोणत्या बाजूला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरसायकलवरून, मफलर गुंडाळून, इतक्या लांब कारध्याला दारात हजर. सोबत इंजिनाच्या वरच्या झाकणाखाली बसणारं नवीन रबरी गॅस्केट. झाकण काढून जुनं गॅस्केट मला दाखवलं, पापडासारखं कडक झालं होतं, हातात मोडलं. दुसरीकडे कुठे गळत नाही ना, हे कंदिलासारखा मोबाइल धरून मीच पाहिलं. नव्हतं गळत. गाडीला नवीन तेल बाधलं नव्हतं, हे मी त्या दिवशी मनात कबूल केलं, तोंडानं आता तुझ्याजवळ करतो.

हात धुवायला यशोदानं त्यांना आत बोलावलं. आत भिंतीवर देवानंदचा फोटो. सर टॉवेलनं हात पुसता पुसता थांबले, मग टॉवेल खांद्यावर टाकून दोन्ही हात जोडून उभे राहिले. दाखवायला जोडतात तसे नाही. मग वळून मला म्हणाले, "काका, तुमी कोण हे मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. खुशीनं सांगतलं होतं, आमच्या गाडीच्या काचेवर भोपळ्यासारखा मासा आहे म्हणून." मी म्हणालो, "मंग बोलले काहून नाही?" तर म्हणाले, "तुमी तेलाचं विचारून राहिले होते. मी तेलाचं सांगतलं."

यशोदा दाराशी उभी होती. तिला माझ्यासारखं आडून-आडून जमत नाही. तिनं सरळ विचारलं, "आमच्या रंजूबद्दल तुमच्या मनात काय आहे?" ते खाली बसले, तिच्या पायाशी नाही, समोरच्या पाटावर. म्हणाले, "होतं ते मी त्यांना एकदा विचारलं, आई. त्या नाही म्हणाल्या. मंग ते तिथंच संपलं. आता तुमच्याकडून मले काही म्हणवून घ्यायचं नाही. त्यांना वाटन मी घरच्यांकडून जोर लावला. तसं झालं तर मले तोंड दाखवता येणार नाही." चहा घेतला, गुडघ्याला काय लावता ते तुझ्या सासूला विचारलं आणि निघून गेले. त्यांना मी हे पत्र लिहितो आहे याचा पत्ता नाही. त्यांना सांगूही नको.

ते गेल्यावर आम्ही दोघं ओट्यावर बसलो. मी म्हणालो, समाज काय म्हणेल? त्यांचा समाज वेगळा, आपला वेगळा, इथे नदीवर जाळं टाकायला बसलं तरी चार जण विचारतील. रंजू, हा विचार माझ्या मनात होता, तो मी तुझ्यापासून लपवत नाही. यशोदा माझ्याकडे न पाहता बोलली, "माह्या पोराले घेऊन गेले तवा कोणता समाज आला होता दारात? ते दोन अनोळखी पोरं आले होते, प्लास्टिक घालून. त्याइची जात इचारली होती काय तुमी?" पुलावरून ट्रक जात होते ते मोजत बसलो आणि मोजताही येईना.

आता हे सगळं का लिहिलं ते ऐक. दिवाळीच्या बाजारात तुझ्या केंद्रातली उषाबाई भेटली होती. ती चुगली करायला नव्हती आली, तिच्याच्यानं राहवलं नाही. तिनं सांगितलं की सुगत सरांनी तुला विचारलं आणि तू म्हणालीस, 'घरी दोघं म्हातारे आहेत. त्यांना माझ्याशिवाय कोणी नाही. त्यांना सोडून मी कुठे येणार नाही.' हे शब्द त्या दिवसापासून माझ्या छातीवर बसले आहेत. देवानंद गेल्यावर तुझे भाऊ तुला न्यायला आले होते, तेव्हाही तू गेली नाहीस. आमच्या गोळ्या, आमचे चष्मे, यशोदाच्या गुडघ्याचा एक्स-रे, सगळं तू केलंस, आणि आम्ही ते घेत राहिलो, कारण तुझ्याशिवाय आम्हाला खरंच जगता आलं नसतं. पण तुझ्या आयुष्याला 'नाही' म्हणायचं कारण आम्ही व्हावं, हे आम्हाला नको. तुझ्या मनातूनच 'नाही' येत असेल तर ते तुझं, त्याला हात लावायचा हक्क कोणाला नाही, मलाही नाही. पण आमच्याकडे पाहून नाही म्हणाली असशील, तर ते 'नाही' परत घे. परवानगी देतो असं मी लिहीत नाही, ती द्यायला मी कोण? एवढंच सांगतो की आम्ही वाटेत उभे नाही. भीती वाटत नाही असं म्हटलं तर खोटं होईल. तू दुसऱ्या घरची झालीस तर रविवारी येशील की नाही, खुशी आबा म्हणून हाक मारेल की नाही, असं मनात येतं. मी हे बोललो तर यशोदानं मला वेड्यात काढलं, म्हणाली लेकी लग्न करून जातात तेव्हा काय आईबापाच्या नाहीशा होतात? मुलगी आम्हाला नव्हती, म्हणून मला हे ठाऊक नव्हतं. फोनवर हे सांगायला मी दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा आवाज दगा देईल असं वाटून गॅसच्या सिलिंडरचं काहीतरी बोललो. उत्तर लिहू नको, फोनवरही सांगू नको. रविवारी ये. सरांना घेऊन आलीस तर मी समजेन, धुरपताबाईंनाही घेऊन ये. तू आणि खुशी दोघीच आल्या तरी मी समजेन आणि या विषयावर पुन्हा एक शब्द काढणार नाही, माझी शपथ. ताट दोन्ही वेळेला तुझ्याच आवडीचं असेल. मी हे मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा यशोदानं पेन मागितला. साक्षरतेच्या वर्गात सही शिकली होती, त्यानंतर कागद तिनं हातात घेतला नव्हता. म्हणाली, "माही बी सही घ्या. नाही तर तिले वाटन हे एकट्या बुढ्याचंच म्हणणं आहे." एका अक्षराला तिला फार वेळ लागतो आहे. तिचं होईपर्यंत मी कागद धरून बसलो आहे.

तुझाच,
मामाजी

यशोदाबाई